मे महिन्यातली चादर

रविवार, रात्री साडेदहा. हे झोपलेत.

आज कपाट आवरताना ती चादर हाताला लागली. मागचा मे, पारा ४२च्या वर, वरचा पत्रा नुसता भाजत होता, पोरं ओल्या फरशीवर लोळायची आणि हे चादर गळ्यापर्यंत ओढून पडलेले. मी म्हणाले, "कामाला जायचं नसलं की मे महिन्यात पण थंडी वाजती." ते काहीच बोलले नाहीत, कूस बदलली फक्त.

त्या मेच्या आधीच्या दिवाळीनंतर सोलापुरात अक्कलकोट रोडला ह्यांची गाडी घसरली, हेल्मेट नव्हतं, डोक्याला मार. सीटीत थोडं रक्त दिसलं पण ऑपरेशन लागलं नाही, आठवड्यात घरी आले. सगळे म्हणाले सिद्धरामेश्वराने वाचवलं, मी पण म्हणाले. पण संक्रांतीला सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत दरवर्षी नंदीध्वजामागं चालणारा माणूस यंदा अर्ध्या वाटेत कट्ट्यावर बसला. मग लूमवर उभं राहवेना, उठलं की डोळ्यापुढं अंधारी, जेवण कमी, चिडचिड. कुणी टेन्शन म्हणालं, कुणी टॉनिक दिलं. थायरॉईडसाठी करतात ती टीएसएचची रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणून तो विषय पण तिथंच संपला.

शेवटी हार्मोनच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी सगळी फाईल बघितली आणि विचारलं, दाढी किती दिवसांनी करता? हे माझ्याकडं बघायला लागले. आधी एक दिवसाआड करायचे, आता आठवडा गेला तरी गाल तसाच. ब्लेडचं पाकीट मीच आणते, महिनोन्‌महिने संपलं नाही आणि माझ्या लक्षात आलं नाही!

मेंदूच्या खाली, नाकाच्या मागच्या बाजूला, वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, बारीक देठाला लटकलेली. डोक्याला हिसका बसला की तिला किंवा त्या देठाला इजा होऊ शकते आणि त्रास कधीकधी महिन्यांनी दिसतो. थायरॉईडला कामाला लावणारं टीएसएच हीच पिट्युटरी बनवते, म्हणून तीच आजारी असली तर नुसत्या टीएसएचवर कळत नाही, फ्री टी४ म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन बघावं लागतं. ह्यांचं ते कमी, म्हणून मे महिन्यात पण थंडी; सकाळी ८ला काढलेलं कॉर्टिसॉल, म्हणजे आजारपण-ताण सोसायला लागणारं हार्मोन, तर फारच कमी, पुरुषी हार्मोन पण कमी. आधी कॉर्टिसॉलची कमी भरून काढणारी हायड्रोकॉर्टिसोनची गोळी चालू केली, थायरॉईडची गोळी नंतर, कारण उलटं केलं तर जीवावर बेतू शकतं. ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोनचा डोस दुप्पट, उलटीत गोळी टिकली नाही तर लगेच इंजेक्शन, आणि मनाने बंद करायची नाही म्हणजे नाही. खिशात तसं कार्ड ठेवलंय, घरात सगळ्यांना पाठ आहे.

ज्यांच्या घरात डोक्याला मार लागलेलं माणूस "आळशी" झालंय त्यांनी एकदा ह्या टेस्ट करून घ्या, हात जोडून सांगते.

आज हे स्वतःहून पोरांना घेऊन कंबर तलावाला जाऊन आले. चादरीवरून बोललेल्या त्या वाक्याचं मात्र मी अजून त्यांच्याजवळ काढलेलं नाही. सकाळी गोळी देताना बोलणार आहे.