भिंतीवरच्या पट्टीने मुलगी 'सॅम'मध्ये गेली, माझा अनुभव

आम्ही देवगड तालुक्यात राहतो, मुलगी सव्वादोन वर्षांची. पावसाळ्यात अंगणवाडीत महिन्याचं वजन-उंची झालं आणि दोन दिवसांनी फोन आला की तुमची मुलगी तीव्र कुपोषित आलीय, सॅम, तिला जिल्हा रुग्णालयात पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करा, साधारण चौदा दिवस राहावं लागेल. मला तर पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं. मुलगी बारीक आहे, मान्य, त्यात नुकताच ताप येऊन गेलेला, पण खातेपिते, दिवसभर पडवीत धावत असते. सासूबाई तर रडायलाच लागल्या, "आमी नातीक उपाशी ठेवतंव काय गो?"

वजनाबद्दल माझी काही तक्रार नाही, काटा डिजिटल होता, आधी शून्य दाखवला, अंगावर फक्त झबलं. घोळ उंचीत होता आणि तो मला कार्डामुळे सापडला, म्हणून पहिलं सांगते, माता बाल संरक्षण कार्ड जपून ठेवा आणि प्रत्येक वेळी उंची-वजन त्यावर तारखेसकट लिहून घ्या. आमच्या कार्डावर लसीच्या वेळी उंची ८४ सेंटीमीटर होती. त्याला दोन महिने झाले नव्हते आणि आता नोंद ९०. दोन वर्षांच्या पुढे मूल वर्षाला साधारण ८-९ सेंटीमीटर वाढतं, मग दोन महिन्यांत सहा कसं वाढेल?

आता उंची जास्त लागली तर मूल कुपोषित कसं, असं मलाही आधी वाटलं. पण सॅम ठरवताना नुसतं वजन बघत नाहीत, उंचीच्या मानाने वजन बघतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यावर. तितक्याच उंचीच्या निरोगी मुलांच्या मानाने उणे तीन एसडीच्या (सरासरीपासून किती दूर ते मोजायचं माप) खाली गेलं की सॅम, उणे दोन आणि उणे तीनच्या मध्ये मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित. म्हणजे वजन तेच राहिलं आणि उंची पाच-सहा सेंटीमीटर फुगली की बारीक मूल सरळ लालमध्ये, म्हणजे सॅममध्ये जातं.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत जाऊन मी ती पट्टी बघितली. भिंतीवर चिकटवलेली कागदी पट्टी, खालचा भाग ओल लागून कुजलेला, आमच्याकडे जून-जुलैत भिंतीला हात लावला तरी ओला होतो. कोणीतरी तेवढा तुकडा कापून टाकून उरलेली पट्टी खाली सरकवून जमिनीला टेकवून परत चिकटवली होती. मी खाली बसून बघितलं तर जमिनीला लागून पहिला आकडा ५! म्हणजे त्या भिंतीला उभं राहिलेलं प्रत्येक पोर पाच सेंटीमीटर उंच. सेविकाताईंना दाखवलं तर त्यांचाही चेहरा उतरला, "माका वरसून सांगतत ता करूक लागता, पट्टी बदलून मागितली हा कधीची." त्यांच्यावर माझा राग नाही.

मी म्हटलं आता दंडघेर, म्हणजे दंडाचा घेर, तरी बघा. डावा हात, खांदा आणि कोपराच्या बरोबर मध्ये, दंडाची रंगीत पट्टी घट्ट आवळायची नाही. आला १३.२ सेंटीमीटर, हिरव्यात. ११.५ च्या खाली लाल आणि १२.५ पर्यंत पिवळा असतो. दंडघेर आणि उंची-वजन नेहमी जुळतातच असं नाही, एकात लाल आलं तरी सॅमच धरतात आणि ते बरोबरच आहे, पण इतका फरक असेल तर परत मोजायला नको का?

आणि इथेच सगळं अडकलं. पट्टी चुकीची आहे हे सगळ्यांनी मान्य केलं, पर्यवेक्षिकाबाईंनी पण फोटो बघून मान्य केलं, पण नोंद बदलायला कोणी तयार नाही. तालुक्याच्या ऑफिसात गेले तर म्हणे माहिती वर गेली, आता एक तर भरती करा नाहीतर नकार लिहून द्या. मी विचारलं कसला नकार? तर छापील कागद पुढे सरकवला, 'पालकांनी उपचारास नकार दिला', खाली सहीची जागा. मी सही केली नाही. मी उपचाराला नाही म्हणतच नव्हते, मी म्हणत होते की सरळ पट्टीने एकदा मोजा आणि तरीही सॅम आली तर आज संध्याकाळी बॅग भरून निघते. साहेब मीटिंगला, उद्या या. उद्या गेलं तर आरोग्यवाल्यांकडे जा, आरोग्य केंद्रात गेलं तर हे अंगणवाडीचं आहे, आम्ही कसं बदलणार. बाहेर धो धो पाऊस, पोरगी कडेवर, आणि रोज फोन चालूच, भरती केलं का, भरती केलं का. एक जण तर म्हणाले, सही करून टाका ना, तुम्हाला काय फरक पडतो. मला पडतो. उद्या तो कागद काढून हेच म्हणतील की आईनेच नको म्हटलं!

शेवटी कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला, 'फेरमोजणी करून मिळावी', सोबत पट्टीचा फोटो आणि कार्डाची झेरॉक्स, आणि पोच मागून घेतली. पोच घेतल्यावर हालचाल झाली, तोंडी बोलून काहीही होत नाही. तुम्ही पण शिक्का आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी नीट मोजलं. लाकडी फळीचं साधन, केसातली क्लिप काढली, चप्पल काढली, टाचा, ढुंगण, खांदे, डोकं मागे टेकवलं, नजर समोर, एकीने गुडघे धरले, दुसरीने आकडा वाचला. ८५. दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं झोपवून मोजतात आणि त्यावरचं उभं, रडतं म्हणून उभं राहिलं नाही तर झोपवून मोजून ०.७ सेंटीमीटर वजा करतात, हे त्यांनीच सांगितलं. मग दोन्ही पावलांवर अंगठा दाबून सूज बघितली, कारण सूज असेल तर वजन कितीही असो, सॅमच. काही नव्हतं. मुलगी मॅमच्या रेषेच्या जरा वर, काठावर. त्यांनी अंडं आणि पेजेत तूप वाढवायला सांगितलं आणि महिन्याने परत बोलावलं, ते मी मनापासून केलं.

जुनी नोंद काही बदलली नाही, पुढच्या महिन्यात नवीन आकडा गेला तेव्हा फोन बंद झाले. आता तिथे नवीन साधन आलंय. आमच्याच वाडीतली आणखी दोन मुलं त्या यादीत होती, त्यांच्या आयांना मी घरी जाऊन सांगितलं. त्यांचीही फेरमोजणी झाली, एक सुटलं, दुसरं खरंच मॅम निघालं आणि त्याचा आहार सुरू झालाय.

हो, राहिलंच, अंगणवाडीत उंची मोजायच्या आधी जमिनीला लागून आकडा शून्यच आहे ना ते वाकून बघा, आणि मोजून झालं की नोंद करतानाच आकडा मोठ्याने वाचून घ्या.