भैरवी संपायच्या आत आलेला अंगठा

काल रात्री ताईला केसरबाई केरकरांची भैरवी पाठवली. पाठवून दूध तापवायला उठले, तोवर फोन वाजलाच. अंगठा, आणि खाली एक ओळ: 'हीच ना ती यानातून गेलेली? मस्त गं!'

भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. दूध अजून कोमटसुद्धा झालं नव्हतं.

आज दिवसभर तेच मनात. बँकेत पेन्शनवाल्यांची गर्दी, मान वर करायला सवड नाही, तरी मध्येच तो अंगठा आठवायचा आणि आत काहीतरी खुपायचं. एवढ्याशा गोष्टीचं इतकं वाईट का वाटावं? ती कामात असेल. नातवाला भरवत असेल. दिवसाला पन्नास निरोप येत असतील, त्यातला हा एक. हे सगळं मला कळतं. कळून उपयोग होत नाही, म्हणून लिहायला बसले.

सध्या मी काय ऐकते हे मला तिलाच सांगावंसं वाटतं. दुसरं आहे कोण? ह्यांना गाण्याचं वावडं नाही, पण ओढही नाही. मी काही लावलं की टीव्हीचा आवाज बारीक करतात, तेवढं पुष्कळ. लेकाच्या कानात त्याचं त्याचं काहीतरी चालू असतं. बाबा गेल्यापासून तर... असो.

बरेच दिवस जयपूर-अत्रौली घराण्याच्या गाण्यातच अडकून पडलेय. मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई, मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताई आमोणकर, पुन्हा केसरबाई. सगळे कामावर जायच्या आधी आणि रात्री भांडी घासून झाल्यावर, असे दोन वेळा. गल्लीत मंडळाची डॉल्बी सुरू असली की स्वयंपाकघराची खिडकी लावून घेते आणि फोन फडताळात उभा करते, तिथून आवाज जरा भरून येतो. ऐकता ऐकता एखादी जागा अशी येते की हातातलं काम थांबतं. तेव्हा शेजारी कुणीतरी हवं असतं. 'वा' म्हणायला नव्हे. नुसतं मान वर करून बघायला, की तुलाही कळलं ना आत्ता काय झालं ते?

आणि मग ताईला पाठवते.

त्या यानाच्या गोष्टीचा मला आता राग यायला लागलाय. गोष्ट खरी आहे, मोठी आहे. 1977 साली नासाच्या व्हॉयेजर या दोन्ही अंतराळयानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली, जगभरचं संगीत त्यात, आणि भारतातून एकच गाणं, ही भैरवी. व्हॉयेजर-1 सुटलं 5 सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या 16 सप्टेंबरला. वाचताना अंगावर काटा येतो, माझ्याही आला होता. पण आता ही भैरवी कुणालाही पाठवा, समोरून यानच परत येतं. ऑफिसच्या ग्रुपवर तेच, मामेबहिणींच्या ग्रुपवर तेच. गाणं कुठपर्यंत गेलं ते प्रत्येकाला ठाऊक. आपल्यापर्यंत आलं का, हे कुणी विचारत नाही.

खरं तर त्यात यानापेक्षा नवलाची गोष्ट आहे. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीला एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळायची, त्यामुळे बैठकीत तासभर उलगडणारं गाणं एवढ्याशा जागेत उभं करावं लागे. दुसऱ्या कुणाच्या तबकड्यांत ती घाई ऐकू येते. केसरबाईंच्यात येत नाही. आकार, म्हणजे गाण्यातला तो लांबवलेला 'आ', असा मोकळा लागतो की वेळ त्यांच्या मालकीचा आहे असं वाटतं. आवाज वर जातो तेव्हा बारीक होत नाही, जेवढा गोल खाली असतो तेवढाच गोल वर. खरखरीच्या आडूनही ते कळतं. मी ती जागा मागे नेऊन नेऊन ऐकते. ताईनं एकदा ऐकावी, बस, एवढंच.

ताई, तूच मला शिकवलंस ना गं ऐकायला?

वाईट वाटायचं खरं कारण बहुतेक हेच. तिसऱ्या कुणी अंगठा दिला असता तर मी दूध उतरवून झोपले असते. पण आम्ही दोघी बाबांच्या मागून इथल्या, कोल्हापूरच्या देवल क्लबात गाणं ऐकायला जायचो. मागच्या बाजूला भिंतीला टेकून बसायचं, कुजबुजायचं नाही, एवढी अट. ताई तेव्हा कॉलेजात. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, माझ्या हाताला हलकेच चिमटा काढायची. मला सम कळायला लागली ती बोटं मोजून नाही, त्या चिमट्यांनी. आता मी साडेतीन मिनिटं मागते तर...

नाही, हे फार झालं. तिची गुडघ्याची शस्त्रक्रिया, जावयाची नोकरी, त्यात पुण्यातलं ते चौथ्या मजल्यावरचं लिफ्ट बंद पडलेलं घर. माझ्या भैरवीचं काय घेऊन बसलेय मी.

तरीही.

ज्यांच्यापासून हे घराणं सुरू झालं, त्या अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं आज कुठेच ऐकायला मिळत नाही. शाहू महाराजांच्या दरबारी ते 1895 पासून होते, वर्षानुवर्षं याच गावात गायले, शिकवलं, आणि मागे एकही तबकडी नाही. त्यांनी ध्वनिमुद्रण होऊच दिलं नाही. तरुणपणी आवाज बिघडला, पूर्वीचा पुन्हा आला नाही, तेव्हा होता त्या आवाजातून त्यांनी ही वळणावळणांची, दमसासाची गायकी उभी केली म्हणतात. 1946 साली ते गेले. ते कसे गात, हे आपल्याला कळतं ते त्यांच्यासमोर बसलेल्यांच्या गळ्यातून. केसरबाई, मोगूबाई. मुलगे मंजी खाँ आणि भुर्जी खाँ, आणि त्या दोघांकडून शिकलेले मन्सूर. आपल्या कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी भुर्जी खाँकडे शिकल्या, पुढे केसरबाईंकडे. म्हणजे हे सगळं गाणं माझ्या फडताळातल्या फोनपर्यंत आलंय ते कुणीतरी कुणाचं तरी जीव लावून ऐकलं म्हणूनच. ऐकताना एकानं जरी 'हो हो, कळलं' म्हणून मान हलवून सोडून दिलं असतं, तर तेवढं तिथंच संपलं असतं.

हा विचार बँकेतून घरी येताना आला आणि अंगठा आणखीच बोचला. भवानी मंडपापासून चालत आले, रिक्षा केली नाही. खासबागेवरून येताना केशवराव भोसले नाट्यगृहाकडे नजर गेलीच. ते जळालं त्या रात्री, 8 ऑगस्ट 2024, ताईचा फोन आला होता. शाहू महाराजांनी 1915 साली उभं केलेलं पॅलेस थिएटर, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. टीव्हीवर ज्वाळा दिसत होत्या. ताई काही बोलली नाही, मीही नाही. फोन कानाला लावून दोघी नुसत्या बसलो. तिच्याकडच्या टीव्हीचा आवाज मला येत होता आणि माझ्याकडचा तिला. किती वेळ कोण जाणे. मग 'ठेवते गं' म्हणाली.

तेव्हा तिनं काही पाठवलं नव्हतं. मला काही कमी पडलं नव्हतं.

जेवण झाल्यावर एक आठवण आली, आणि तिच्यामुळे जरा मोकळं वाटतंय. क्लबात एक काका यायचे, धोतर, काळी टोपी. गाणं सुरू झालं की थोड्याच वेळात मान खाली, झोप लागलेली. ताईला हसू फुटायचं. एकदा तिनं बाबांना विचारलं, "हे झोपायलाच येतात का हो?" बाबा म्हणाले, "निजू दे की. कानात जातंयच की ते." आणि खरंच, मैफल संपली की ते काका उठायचे आणि जिन्यावरून उतरताना मघाची बंदिश गुणगुणायचे. सगळी नाही, मुखडा तेवढा, पण सुरात.

बाबांनी कधी कुणाची परीक्षा घेतली नाही. गाणाऱ्याची घेतली असेल, ऐकणाऱ्याची नाही. शेजारी बसलेला दाद देतो का, समजून देतो का, बघत बसायचे नाहीत. ते त्यांचं ऐकायचे. मी मात्र पाठवते आणि घड्याळाकडे बघते. असं बघत बसलं की भैरवी माझ्याही हातून जाते, हे काल झालं. अंगठा आल्यावर मी पुन्हा लावली होती, आणि पूर्ण वेळ ताईवर रागावण्यात गेला. केसरबाई गात होत्या, माझं लक्ष नव्हतं.

ताई तिच्या पद्धतीनं ऐकेल. कदाचित नाही ऐकणार. फोनमध्ये पडून राहील ते गाणं, एखाद्या दुपारी नातू झोपल्यावर बोट लागून सुरू होईल. किंवा नाही होणार. मला पाठवावंसं वाटतं, मी पाठवत राहीन. एवढं मला आज जमेलसं वाटतंय, उद्याचं माहीत नाही.

आत्ता थोड्या वेळापूर्वी ललिता गौरी पाठवली. केसरबाईंचीच. हिच्यामागे यान नाही, काही गोष्ट नाही, नुसता राग आणि त्या. संध्याकाळचा राग रात्री पाठवला हे बाबांना आवडलं नसतं, पण दिवसा वेळ कुणाला आहे. खाली काही लिहिलं नाही. आणि फोन पालथा घालून ठेवला.

रविवारी ताईला फोन करायचाय. गाण्याचं विचारणार नाही. गुडघ्याचं विचारीन, लिफ्टचं विचारीन. मन्सूरांचा शिवमत भैरव, सकाळचा राग, काढून ठेवलाय, तो सोमवारी तिला पाठवायचा, पण सकाळी सहाच्या आतच, दूधवाला यायच्या आधी. ती तेव्हा उठलेली असते आणि घरात दुसरं कुणी उठलेलं नसतं.