टोमॅटो पेस्ट आणि नारळाचे दूध : न फुटलेले पहिले सार

मागच्या नोंदीतल्या ज्या साराने सलग तीनदा दगा दिला होता, ते काल रात्री प्रथमच न फुटता वाटीत आले. तूप, साय, दही यांपैकी काहीही नसलेले, केवळ घरची पेस्ट आणि ताज्या नारळाचे दूध यांच्या बळावर केलेले हे सार शेवटच्या घोटापर्यंत एकजीव राहिले, याचा मला मनापासून आनंद झाला आहे.

पेस्टची नवी खेप समाधानकारक आहे. ४ किलो लांबट टोमॅटो उकडून, गाळून, रुंद कढईत मंद आचेवर आटवल्यावर सुमारे ७०० ग्रॅम पेस्ट मिळाली. टोमॅटोत ९४ टक्क्यांच्या आसपास पाणीच असते आणि अमेरिकी मानकानुसार पेस्टमध्ये टोमॅटोचे विद्राव्य घनपदार्थ किमान २४ टक्के असावे लागतात, हे पाहता एवढाच उतारा पडणार. खोक्यातली प्युरी याहून बरीच पातळ असते. ती तेलात परतली जात नाही, नुसती शिजते, म्हणून पेस्टच्या जागी ती वापरू नये असे माझे ठाम मत आहे.

आता फुटण्याविषयी. पहिल्या वेळी दूध घातल्यावर उकळी आली आणि पाणी व चोथा वेगळे झाले. दुसऱ्या वेळी आच अगदी मंद ठेवली, तरी दहा मिनिटांत वर तेलाचे थेंब तरंगू लागले. तिसऱ्या वेळी चिमूटभर खाण्याचा सोडा घातला. त्याने फुटणे लांबले, परंतु टोमॅटोचा आंबटपणाच मेल्यामुळे त्याला सार म्हणवेना. डब्यातले नारळाचे दूध स्थिरकारक घातलेले असल्यामुळे बराच वेळ टिकते, मात्र ताज्या खोबऱ्याचा वास त्यात नसतो आणि सारात तो हवाच.

उत्तर सुचले ते सोलकढी गाळताना. कोकमाचा आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला घट्ट रस, चांगलाच आंबट असतो, तरीही त्यात मिसळलेले नारळाचे दूध जेवण होईपर्यंत छान राहते, कारण सोलकढी आपण कधीच उकळत नाही. नारळाच्या दुधातले तेलाचे बारीक थेंब प्रथिनांच्या आवरणामुळे एकमेकांपासून दूर राहतात; आंबटपणाने ती प्रथिने गोळा होऊ लागतात आणि ८० अंशांच्या वरची उष्णता त्यांची घडी मोडते. म्हणजे मी आजवर आच आणि आम्ल यांचा विचार वेगवेगळा करत होतो, आणि सार फुटत होते ते दोन्हींच्या एकत्र माऱ्याने.

म्हणून काल क्रम बदलला. खोबरेल तेलात जिरे, कढीपत्ता आणि मिरचीची फोडणी करून त्यात ३ चमचे पेस्ट तेल सुटून विटकरी रंग येईपर्यंत परतली, पाणी, मीठ आणि गूळ घालून व्यवस्थित उकळले, गॅस बंद केला आणि तापमापक ६५ अंशांवर येईपर्यंत थांबलो. त्यानंतरच पहिले जाड दूध पळीपळीने घालून ढवळले. रंग फिकट केशरी आला आणि चव दाट असूनही जड नव्हती. परतलेल्या पेस्टचा खमंगपणा कच्च्या टोमॅटोच्या सारात कधीच उतरत नाही.

अडचण उरली ती सकाळची. उरलेले सार गरम करायला ठेवले आणि ते पाहता पाहता फुटले. जे सार पुन्हा गरम करता येत नाही, ते डब्यात देता येणार नाही, त्यामुळे काम अर्धेच झाले आहे.

रविवारी काजूची मखनी करण्याचा बेत होता. परंतु हे लिहीत असतानाच आठवले, की गोव्याकडे काही घरांत हुमणाच्या, म्हणजे माशांच्या नारळी कालवणाच्या, वाटणात खोबऱ्याबरोबर भिजवलेले तांदूळ वाटतात. शिजलेल्या तांदळाचे सत्त्व पाण्याला दाटपणा देते, त्यामुळे तेलाचे थेंब सहज एकत्र येऊ शकणार नाहीत. तेव्हा मखनी पुढे ढकलली आहे. आता एका नारळाला १ चमचा तांदूळ भिजत घातला आहे. तो दुसऱ्या, पातळ दुधात वाटून पेस्टबरोबर आधी शिजवून घ्यायचा आणि जाड दूध कालच्याप्रमाणेच ६५ अंशांवर घालायचे. निम्मे सार मुद्दाम सोमवारच्या डब्यासाठी काढून ठेवणार आहे.