कॅसल हॉवर्डचा लुटुपुटूचा तट

इंग्लंडमधल्या उमरावांनी घराकडे जाणारा रस्ता पाहुण्याला त्याची पायरी दाखवण्यासाठीच आखला असावा. यॉर्कशरमधल्या कॅसल हॉवर्डचंच बघा. आठेक किलोमीटरचा रस्ता, पट्टी ठेवून मारलेल्या रेघेसारखा. टेकडी आली तर चढा, उतार आला तर उतरा. वळसा मिळायचा नाही. आधी हॉक्समूर या वास्तुकाराने बांधलेली कारमायर गेट. मग १७१९चा दरवाजा : खाली एकच कमान आणि माथ्यावर चक्क दगडी पिरॅमिड! कमानीतून एका वेळी एकच गाडी जाते, त्यामुळे 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' चालतं. पुढे उंच दगडी स्तंभ. आणि इतकी मिरवणूक काढून झाल्यावर काटकोनात वळायचं, कारण वाडा या रस्त्यावर नाहीच, बाजूला आहे!

माझा जीव मात्र पिरॅमिडच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या तटावर जडलाय. बुरूज आहेत, कुठे गोल, कुठे चौकोनी. शत्रू तेवढा नाही. अठराव्या शतकातल्या यॉर्कशरमध्ये या सरदारावर कोण चालून येणार होतं? सगळा लुटुपुटूचा मामला.

हे सुचलं जॉन व्हॅनब्रूला. हा गृहस्थ आधी सैनिक, मग नाटककार. कॅसल हॉवर्ड ही त्याची पहिलीच इमारत. पण त्याच्याही आधी, ऐन विशीत, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेला होता. त्याचा बाप्तिस्मा जानेवारी १६६४चा, म्हणजे महाराजांनी सुरत पहिल्यांदा लुटली त्याच महिन्यातला. त्या स्वारीच्या धसक्याने मोगलांनी शहराचा मातीचा तट काढून विटांचा पक्का तट उभारायला घेतला. व्हॅनब्रू तिथे गेला तो १६८३च्या सुमारास. सुरत त्याच्या चांगली लक्षात राहिली होती : लंडनमध्ये नवी चर्चेस बांधायची ठरली तेव्हा, १७११ मध्ये, त्याने तिथल्या इंग्रजांच्या दफनभूमीचं चित्र काढून 'अशी गावाबाहेर जागा करा' असं सुचवलं. त्याच दफनभूमीत, १६६४ मध्ये महाराजांपुढे इंग्रजांची वखार राखणारा जॉर्ज ऑक्सेंडन मोठ्या घुमटाखाली विसावलाय.

मग यॉर्कशरच्या तटात थोडी सुरत उतरली असेल, अशी शंका मराठी माणसाने नाही घ्यायची तर कुणी? इंग्रज अभ्यासक चेस्टरच्या तटाचं नाव घेतात, कारण व्हॅनब्रूचं बालपण तिथे गेलं. घेऊ देत. चेस्टरला महाराज कुठे गेले होते?