टिकलीचा भाव

‘घरी काडतुसं भरतोस म्हणे, स्वस्त पडतात का?’ इथे ओहायोत गणपतीच्या पंगतीत दर वर्षी कुणीतरी हे विचारतंच. पुण्याहून मामेभावाचा फोन आला की तोही. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: ते प्रायमरच्या भावावर आहे, आणि तो भाव कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडातली टिकली. दिवाळीत पिस्तुलात वाजवायचो, तिचीच थोरली बहीण. मसुराच्या दाण्याएवढी धातूची वाटी, आत कणभर स्फोटक. पिन आपटली की ठिणगी उडते आणि दारू पेटते. पितळी पुंगळी मी सात-आठदा वापरतो, शिशाच्या गोळ्या घरी ओतणारे मित्रही आहेत. टिकली मात्र एकदा वाजली की संपली, आणि ती विकतच आणावी लागते. सगळ्यात क्षुल्लक वस्तू, पण ती नसेल तर बाकीचा पसारा नुसता बघत बसायचा.

अमेरिकेत ती बनवणारी जुनी मोठी नावं चार: सीसीआय, फेडरल, विंचेस्टर, रेमिंग्टन. या कंपन्या तयार काडतुसंही विकतात. मागणी वाढली की टिकल्या आधी तिकडे जातात, उरतील त्या आमच्यासारख्यांना. 2020 मध्ये कोविड आला, लोकांनी बंदुकांसाठी रांगा लावल्या, त्यातच रेमिंग्टनचं दिवाळं वाजलं. त्याआधी हजाराचा खोका मी 30 डॉलरच्या आसपास घ्यायचो. 2021 मध्ये दुकानातल्या त्या फळीवर नुसती धूळ होती. एकाने पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून 150 सांगितले. घासाघीस करून 120 ला घेतला. घरी आकडा जरा कमीच सांगितला.

हल्ली मला तोच खोका 70-80 ला पडतो. ऑनलाइन मागवला तर वर हॅझमॅटचं, म्हणजे धोकादायक मालाचं शुल्क, कारण माल स्फोटक. ते पार्सलमागे लागतं, त्यामुळे एकच खोका मागवणं म्हणजे कोथिंबिरीसाठी रिक्षा करणं. आम्ही चौघं मिळून एकदम मागवतो आणि वाटून घेतो.

आता हिशोब. नाइन एमएमच्या, म्हणजे पिस्तुलाच्या, एका काडतुसाला टिकली 7-8 सेंट, गोळी 10, दारू 3. झाले वीस-एकवीस. तयार काडतूस सेलमध्ये 23-24 ला मिळतं. तीन सेंटसाठी रविवारची सकाळ घालवायची असेल तर खुशाल घालवा. रायफलचं नेमबाजीचं चांगलं काडतूस मात्र डॉलरच्या वर जातं. तिथे टिकली दुप्पट महाग झाली तरी भरणं परवडतं.

तरी मी नाइन एमएमही भरतो. टिकल्या खाचांच्या ताटलीत ओतायच्या, ताटली हलक्या हाताने हलवायची, की उलट्या पडलेल्या एकेक करत सुलट होतात. सुपात तांदूळ पाखडताना आजीचा हात असाच हलायचा. याचे सेंट मी हिशोबात धरत नाही.

मागच्या शनिवारी दुकानात पाटी होती, ‘एका गिऱ्हाइकाला एक खोका’. तळघरात चार पडलेत. तरी एक घेतलाच, आणि बायकोलाही रांगेत उभं केलं.