तुम्ही विचारलंत म्हणून: सोलर चांगलं, तर गावं विरोध का करतात?

हा प्रश्न मला व्याख्यानानंतर विचारला जातो, लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, आणि आता विद्यार्थीही तो घरून घेऊन येतात. कोळसा नको, धरण नको, मग उन्हालाही विरोध? लोकांना कोणी नीट समजावून सांगत नाही का? मी तालुक्याच्या गावी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, पर्यावरणाचा पेपर माझ्याकडे आहे, म्हणून उत्तर माझ्याकडे मागतात.

समजावून सांगण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, हे आधी सांगते. दिवसा वीज मिळणं म्हणजे काय, हे शहरातल्या माणसापेक्षा शेतकऱ्याला कितीतरी जास्त कळतं. आमच्या भागात शेतीची थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. जेवण उरकून माणूस बॅटरी घेऊन बांधावरून जातो, मोटर चालू करतो आणि पहाटेपर्यंत ओल्या रानात दारं धरत, म्हणजे एकेका वाफ्यात पाणी सोडत, उभा राहतो. हरभऱ्या-गव्हाच्या दिवसांत थंडी हाडात शिरते. पायाखाली साप असतो, काही ठिकाणी उसात बिबट्या असतो. मध्येच लाईट गेली तर घरी यावं की थांबावं, हे कळत नाही. घरातली बाई तो परत येईपर्यंत नीट झोपत नाही. ‘शेतीला दिवसा लाईट द्या’ ही मागणी या हालांतून आली आहे, आणि ती पूर्ण करायचा सगळ्यांत सरळ मार्ग सोलरच आहे. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये ती मोठी केली गेली. सबस्टेशनच्या आसपास छोटे प्रकल्प उभारायचे आणि शेतीचा फीडर, म्हणजे फक्त शेतीला वीज नेणारी लाईन, दिवसा त्यांच्यावर चालवायचा, अशी तिची रचना आहे. मला ही योजना हवी आहे. लवकर हवी आहे.

खरा प्रश्न पॅनल कुठे लावायचे, तिथे सुरू होतो. एक मेगावॉटला साधारण चार-पाच एकर जागा लागते. खाजगी शेतजमीन घेतली तर मालकाला हेक्टरी १ लाख २५ हजार रुपये वर्षाला भाडं मिळतं. सरकारी जागा मात्र प्रकल्पाला नाममात्र भाड्यात मिळते. आणि गावातली सरकारी जागा म्हणजे बहुतेक वेळा गायरान, गावाची गुरं चरायला राखलेला माळ.

मला माहीत असलेल्या एका गावाचं गायरान रस्त्यावरून पाहिलं तर मुरूम आणि वाळकं गवत एवढंच दिसतं. तिथे शेळ्या चारणाऱ्या एका मावशींबरोबर मी सकाळभर फिरले. उतारावर कुठे पवन्या उगवतो, कुठली कुसळी जनावराच्या तोंडाला टोचते, हिवराच्या शेंगा कधी गळतात, उन्हाळ्यात बाभळीखाली शेळ्या का धावतात, हे सगळं त्या चालता चालता सांगत होत्या. घरची माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी माणसं, पोरं आणि शेळ्या उरतात. आजारपण, पोराची फी, ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेली उचल फेडायला कमी पडलेले पैसे, सगळं शेळ्यांवर निघतं. त्यांच्या नावावर सातबारा नाही. त्यामुळे गायरानाला कुंपण पडलं तर भाड्याच्या यादीत त्या नाहीत, नुकसानभरपाईच्या यादीत नाहीत आणि दिवसाच्या लाईटचा फायदा घ्यायला त्यांच्याकडे मोटरही नाही.

म्हणजे एकाच गावात रात्री दारं धरणारा शेतकरी प्रकल्प मागतो तोही बरोबर आहे, आणि मावशी नको म्हणतात त्याही बरोबर आहेत. ‘गावाचा विरोध’ असं आपण पेपरात वाचतो, पण गाव एक नसतं. कुणाची बाजू ठरावात उतरते आणि कुणाची बाहेर राहते, हे पाहणं माझ्या विषयाचं काम आहे.

यात जात कशाला आणता, असंही मला ऐकवलं जातं. आणावी लागत नाही, ती गायरानावर आधीपासून आहे. डॉ. आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, ते जमिनीच्या तुकड्यासाठी. मराठवाड्यात अनेक दलित कुटुंबांनी गायरान फोडून कसायला घेतलं. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय सरकारने १९९१ मध्ये केला, तरी कित्येकांचा कागद अजून झालेला नाही. अशा वस्तीत मोजणीवाले आले की माणसं कामं टाकून धावतात, त्यात अज्ञान कुठे आहे? गुरं चारायच्या माळांचा प्रश्न तर त्याहून जुना आहे. सरकारी जंगलखात्याने डोंगर, टेकड्या, कुरणं घशात घातली आणि शेतकऱ्याच्या जनावरांना जागा उरली नाही, हे महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलं आहे.

विजेसाठी जमीन जाण्याचा आपला पहिला मोठा अनुभव पुणे जिल्ह्यातल्या मुळशीचा. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, त्यासाठी टाटा कंपनीचं धरण नीला-मुळेच्या संगमावर बांधायचं ठरलं. १९२१ च्या रामनवमीला मावळे, म्हणजे त्या खोऱ्यातले शेतकरी, बांधकामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते, आणि बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. मी वर्गात मुळशी शिकवते तेव्हा सर्वांत जास्त वेळ एका गोष्टीवर देते. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कागदावर मालक ते होते, त्यांना भरपाईत रस होता. जमीन कसणाऱ्याला ती जमीनच हवी होती. लढा फुटला त्यात या फटीचा मोठा वाटा होता. शंभर वर्षांनी पाण्याच्या जागी ऊन आलं आहे, पण ज्याचं नाव कागदावर आहे त्याच्याशीच बोलायचं, ही पद्धत तीच आहे.

पवनचक्क्यांचं उदाहरणही मला महत्त्वाचं वाटतं. २००३ च्या आसपासच्या दुष्काळात सातारा-सांगली भागात अनेकांचं म्हणणं होतं की पवनचक्क्या ढग पळवून लावतात. हवामानशास्त्राच्या दृष्टीने त्यात तथ्य नाही, आणि मी वर्गात तसं स्पष्ट सांगते. पण लोकांच्या डोक्यावर पाती फिरत होती, वीज तारांवरून दूर जात होती, जमिनी मातीमोल भावात गेल्या होत्या आणि विहिरी आटल्या होत्या. आपल्याकडून काहीतरी नेलं जातंय, हा त्यांचा अनुभव खरा होता. त्या अनुभवाला उत्तर न देता फक्त ढगांचं विज्ञान सांगून प्रश्न मिटला नाही.

कॅटन आणि डनलॅप या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये आमच्याच विषयाला दोष दिला होता: माणूस जणू माती-पाण्याबाहेर राहतो असं धरून तुम्ही समाजाचा अभ्यास करता. तो दोष खरा होता. आज ऊर्जेच्या आराखड्यांत त्याच्या उलट दोष दिसतो. त्यात ऊन आहे, जमीन आहे, मेगावॉट आहेत, पण त्या जमिनीवर कोण काय करतं, याचा रकानाच नाही.

तो रकाना भरायला फार खर्च येत नाही. मावशींच्या त्या गावात आमच्या कॉलेजच्या मुलांनी गायरानाचा नकाशा केला: चारणीच्या वाटा, पाण्याची डबकी, स्मशानाकडे जाणारी वाट, कसलेले तुकडे, कुठल्या महिन्यात कुणाची जनावरं. सर्वांत अवघड गेलं ते लोकांना सभेला यायला वेळ मिळणं, कारण ग्रामसभा सकाळी अकराला भरते आणि तेव्हा शेळ्या माळावर असतात. गायरान सोलरला देण्याच्या पहिल्या ठरावात ते ‘विनावापर’ लिहिलं गेलं ते त्यामुळेच. बोलणारं कोणी तिथे हजरच नव्हतं.

माझं म्हणणं असं आहे की आधी शेडची छपरं, सरकारी इमारती आणि भाड्याने द्यायला तयार असलेल्या मालकांची हलकी जमीन बघा. गायरान घ्यावंच लागलं तर सगळं घेऊ नका, वाटा मोकळ्या ठेवा, पॅनल इतके उंच लावा की खाली मेंढरं चरतील, आणि भाड्यातला हिस्सा जनावरं असलेल्या भूमिहीन घरांना थेट द्या. अशा प्रकल्पांसाठी ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, असे ३ वर्षं मिळायची तरतूद आहे. त्यातून पेव्हर ब्लॉक बसवायचे की चाऱ्याची सोय करायची, हे ग्रामसभेलाच ठरवायचंय.

त्या गावातला ठराव आता पुन्हा चर्चेला येणार आहे. सभा संध्याकाळी सातला घ्यायची आणि नोटीस तांड्यावर व वस्तीवरही लावायची, एवढं सरपंचांनी मान्य केलंय. दारं धरणारे शेतकरी येणार आहेत, मावशीही येते म्हणाल्या आहेत. काय ठरेल ते सभेतच कळेल.