तुम्ही विचारलंत म्हणून: माझं कॅलेंडर कुठे असतं

मी समुपदेशक आहे. नव्यानं प्रॅक्टिस सुरू करणारे भेटले की हटकून विचारतात, "ताई, स्वतःचा सर्व्हर चालवणं आम्हाला जमणार नाही, पण नोंदी खासगी राहायला हव्यात. कॅलेंडर कुठलं घेऊ?"

मी प्रोटॉन कॅलेंडर वापरते.

माझ्या कॅलेंडरातली एक ओळ बघा: मंगळवार, साडेपाच, एक नाव, पुढे 'दुसरं सेशन, मिस्टरांसोबत'. त्या घरात काय चाललंय ते कळायला आणखी काही लागत नाही. ठरावीक आठवड्यांनी केमो, मग वकिलाची वेळ, मग बँकेची; नुसत्या तारखांवरूनही माणूस वाचता येतो. आपण मेल आणि फोटो जपतो, कॅलेंडरकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं.

गूगलवर किंवा इतर बहुतेक ठिकाणी नोंदी एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नयेत अशा कुलूपबंद करून ठेवतात हे खरं, पण किल्ली कंपनीकडेच असते. ॲपलचं ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन (किल्ली फक्त तुमच्याकडे ठेवणारं सेटिंग) चालू केलं तरी आयक्लाउडचं कॅलेंडर त्यातून वगळलेलंच राहतं. स्वित्झर्लंडचं प्रोटॉन आणि जर्मनीतलं टूटा यांच्याकडे नोंद तुमच्या फोनवरच कुलूपबंद होते आणि मग बाहेर पडते. प्रोटॉनमध्ये शीर्षक, ठिकाण, टिपण आणि आमंत्रितांची नावं झाकली जातात, वेळ मात्र सर्व्हरला दिसते. टूटा वेळही झाकतं. माझी मेल आधीपासून प्रोटॉनवर होती म्हणून मी तिथे राहिले. आज कोरी सुरुवात करायची असती तर टूटाच घेतलं असतं.

याची एक किंमत आहे. कुठलंही ॲप कुठल्याही सर्व्हरशी जोडता यावं म्हणून २००७ पासून कॅलडॅव नावाचं मानक आहे, ते या दोघांतही चालत नाही. त्यामुळे फोनवरचं सवयीचं कॅलेंडर सोडून त्यांचंच ॲप घ्यावं लागतं. ते सोडवत नसेल तर बर्लिनचं पोस्टेओ बघा: महिन्याला १ युरो, जाहिराती नाहीत, कॅलडॅव आहे. तिथेही नोंदी एन्क्रिप्ट करता येतात, पण तुम्ही बघायला गेलात की त्या उघडतात त्यांच्या सर्व्हरवर. गॅसचा नंबर, मुलांच्या परीक्षा, लाइटबिल एवढंच असेल तर माझ्या मते तेवढं पुरे. दुसऱ्यांची नावं असतील तर नाही.

कुलूप कितीही चांगलं असलं तरी एक दार उघडं राहतं, ते मला बहिणीच्या घरी कळलं. जेवताना फोन ताटाशेजारी होता. आठवण वाजली आणि स्क्रीनवर पूर्ण नाव उजळलं. शेजारी भाची बसलेली, आणि त्या बाई तिच्याच शाळेत शिकवतात. भाचीनं फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आमटी वाढून घेतली. माझ्या घशाखाली घास उतरेना. त्या रात्रीच लॉक स्क्रीनवरचा मजकूर बंद केला. आता नोंदीत फक्त आद्याक्षरं लिहिते. कॅलेंडरमधून आमंत्रणही पाठवत नाही, कारण त्याची प्रत समोरच्याच्या साध्या मेलमध्ये उघडी जाऊन पडते. फोन करून वेळ सांगते.

जुनं कॅलेंडर आयसीएस फाइल (कॅलेंडरच्या नोंदी नेण्या-आणण्याची नेहमीची फाइल) करून बाहेर काढता येतं. आधी दहा-बारा नोंदी नेऊन बघा, दर आठवड्याला येणाऱ्या तर नक्कीच. सगळं नीट उतरलं की जुन्या जागेवरचं पुसून टाका. हे पुष्कळजण विसरतात, आणि मग पाच वर्षांची नावं तिथेच राहतात.

पासवर्ड विसरलात तर प्रोटॉनलाही तुमच्या जुन्या नोंदी उघडता येणार नाहीत. त्यासाठी ते १२ शब्दांचा रिकव्हरी फ्रेज देतात. माझा कागदावर लिहून कपाटात आहे, बँकेच्या लॉकरच्या किल्लीसोबत.